फ्रीलान्सिंग करताना किंमत, वेग आणि दर्जा यांचा मेळ कसा घालायचा?

लोगो, थंबनेल किंवा रील एडिट करून पैसे कमवायचे असतील तर एक वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल: "लवकर पाहिजे, एकदम भारी पाहिजे, पण बजेट कमी आहे." या तीनपैकी दोन गोष्टी देता येतात. तिन्ही द्यायला गेलं की काहीतरी फसतंच.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना एका मिठाईच्या दुकानाचा लोगो ८०० रुपयांत, एका रात्रीत करून दिला होता. फाइल दिली ५०० पिक्सेलची पीएनजी. फोनवर मस्त दिसत होती. दुकानदारांनी तीच फ्लेक्सवाल्याकडे पाठवली आणि उद्घाटनाच्या दिवशी १० फुटी बॅनरवर लोगोच्या कडा पायऱ्यांसारख्या फाटलेल्या दिसल्या. नवा फ्लेक्स मी करून दिला, त्यातच ८०० रुपये गेले. त्या काकांनी मला पुन्हा कधी काम दिलं नाही.

लोगो एसव्हीजी किंवा पीडीएफसारख्या व्हेक्टर फाइलमध्ये हवा होता. पीएनजी ठिपक्यांची बनलेली असते, मोठी केली की फाटते. व्हेक्टरमध्ये आकार गणिताने साठवलेला असतो, त्यामुळे तो कितीही मोठा करता येतो.

तीन जोड्या

१. स्वस्त + लवकर: तयार टेम्प्लेट, एकच डिझाइन, एकच करेक्शन.
२. लवकर + उत्तम: दर जास्त, कारण बाकीची कामं बाजूला ठेवावी लागतात.
३. स्वस्त + उत्तम: वेळ जास्त. हातात दुसरं काम नसेल तेव्हा करायचं.

पैसे कमी असतील तर कामाचा आकार कमी करा. तीनऐवजी एक डिझाइन द्या, पण फाइल बरोबरच द्या. मी नेमकं उलटं केलं होतं.

दर कसा काढायचा?

समजा, महिन्याला २०,००० रुपये हवेत आणि प्रत्यक्ष काम ८० तास होतं. म्हणजे तासाला २५० रुपये. लोगोला करेक्शन धरून ८ तास लागत असतील तर दर २,००० रुपये. फायव्हरसारखी साइट विक्रेत्याकडून २० टक्के कापते, म्हणून हातात २,००० यायला तिथे २,५०० रुपये लावावे लागतात. करेक्शनचे तास धरले नाहीत तर सगळा हिशोब कोलमडतो.

काम घेण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा

- किती डिझाइन आणि कोणत्या फाइल मिळतील
- किती करेक्शन फुकट, पुढच्या प्रत्येकाचे किती पैसे
- तारीख, आणि घाई असल्यास जादा दर
- ५० टक्के ॲडव्हान्स

क्लायंटने "ओके" लिहिल्यावरच कामाला हात लावा. ओळखीच्या माणसालाही हेच पाठवा. तिथे पैशाचं बोलायला जास्त अवघड जातं आणि नंतर संबंध बिघडतात ते त्यामुळेच.

आता पुढचा क्लायंट "तिन्ही पाहिजे" म्हणाला तर भांडू नका. वरच्या तीन जोड्या त्याच्यासमोर ठेवा आणि शांतपणे विचारा, "दादा, यातली कोणती चालेल?"