सरवा वेचणाऱ्या तिघी

पीक कापून नेल्यावर शेतात जी कणसे पडून राहतात त्यांना आपल्याकडे सरवा म्हणतात. ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नसते, ती माणसे तो वेचतात. या सरव्याचेच एक चित्र १८५७ साली पॅरिसच्या 'सालोन' या सरकारी प्रदर्शनात लागले आणि तिथले कित्येक प्रतिष्ठित टीकाकार बिथरले. चित्रकार होता ज्याँ फ्राँस्वा मिले.

बिथरण्यासारखे त्यात होते तरी काय? तीन बाया. दोघी कमरेत वाकून काड्या वेचताहेत, तिसरी अर्धवट वाकलेली. दूर उन्हात धान्याच्या गंजी, भरलेली गाडी, मजुरांची लगबग आणि घोड्यावर बसलेला मुकादम. तिकडची रास आणि इकडची मूठ, एवढाच हिशेब मिलेने समोरासमोर ठेवला.

हा हिशेब झोंबण्याचे कारण जवळच्याच इतिहासात होते. १८४८ साली फ्रान्समध्ये राजेशाही कोसळली, सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला. पण त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिसच्या कामगारांचा उठाव रक्तात बुडवला गेला. तेव्हापासून धनिकांना गरिबांची धास्ती होती. १८५०च्या अखेरीस भरलेल्या सालोनमध्ये कूर्बेचे 'दगड फोडणारे' आणि मिलेचा 'पेरणारा' एकत्र झळकले होते. भव्य चित्रे देवादिकांची आणि राजेरजवाड्यांची असावीत, अशी तोवरची रीत होती. तिथे हे घामेजलेले लोक आले.

मिले स्वतः नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याचा मुलगा; जन्म १८१४चा. लहानपणी शेतात राबलेला. १८४९ साली पॅरिस सोडून तो बार्बिझाँ या खेड्यात राहायला गेला. आपण समाजवादी नाही, असे तो सांगत असे. पण चित्र चित्रकाराहून अधिक बोलते, असे आम्हाला वाटते.

सरवा ही भीक नव्हे, तो हक्क होता. सरवा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावा, असे बायबलच्या जुन्या करारात सांगितले आहे. फ्रान्सच्या कायद्यानेही तो मान्य केला होता. मात्र पीक उचलल्यावर आणि दिवसाउजेडीच वेचायचे, ही अट होती. म्हणजे गरिबाचा हक्कही वेळापत्रकात बांधलेला.

या गोष्टीचा शेवट आम्हाला फार बोचतो. मिलेचे 'आंजेलस' हे शेतातल्या सांजप्रार्थनेचे चित्र त्याच्या हातून सुमारे १,००० फ्रँकला गेले. तो १८७५ साली वारला. १८८९च्या लिलावात त्याच चित्राची बोली ५,५३,००० फ्रँकवर गेली. त्यातले काहीही त्याच्या घरच्यांना मिळाले नाही. चित्राच्या पुढील विक्रीत कलावंताला वा त्याच्या वारसांना वाटा देणारा कायदा फ्रान्सने केला तो १९२० साली. त्या कायद्याच्या मागणीत या चित्राचे उदाहरण पुढे केले जात असे.

सरवा वेचणाऱ्यांना ज्याने चित्रात मानाची जागा दिली, त्याच्या कुटुंबाला त्याच्याच पिकाचा सरवाही लाभला नाही.