ब्रॉड स्ट्रीटची विहीर

पाणी नितळ, थंड आणि रुचकर असलें म्हणजे तें निर्दोष असलेंच पाहिजे, हा मनुष्याचा फार जुना समज आहे. घरच्या विहिरीविषयीं तर हा समज श्रद्धेच्या पदवीला पोंचतो. आजोबांनीं बांधलेली, तीन पिढ्यांनीं वापरलेली विहीर. तिची परीक्षा ती काय करावयाची! या श्रद्धेची किंमत लंडन शहराला 1854 सालीं कशी मोजावी लागली, तो इतिहास ज्यांच्या अंगणांत विहीर आहे अशा प्रत्येक कुटुंबानें ऐकण्यासारखा आहे.

लंडनच्या सोहो भागांत ब्रॉड स्ट्रीट नांवाचा रस्ता होता. तेथील सार्वजनिक विहिरीवर पंप बसविलेला होता. तिच्या पाण्याची गोडी एवढी, कीं दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई रोज गाडीनें तेंच पाणी मागवीत असे. 31 ऑगस्टच्या रात्रीं त्या वस्तींत पटकीचा भयंकर उद्रेक झाला. पहिल्या तीन दिवसांत 127 माणसें दगावलीं आणि सांथ संपेपर्यंत मृतांची संख्या सहाशेंच्या वर गेली. हॅम्पस्टेडच्या त्या बाईच्या शेजारांत पटकीचा मागमूस नव्हता. तरी तीहि वांचली नाहीं.

डॉक्टर जॉन स्नो यांनीं घरोघर चौकशी केली, तेव्हां बहुतेक मृत्यु त्या एका पंपाच्या आसपास झाल्याचें दिसून आलें. शेजारच्या निराधारगृहांत 535 माणसें राहत. पण त्यांची विहीर स्वतंत्र असल्यामुळें तेथें केवळ पांच माणसें पटकीनें मेलीं. जवळच्या बिअरच्या कारखान्यांत सत्तराहून अधिक कामगार होते. ते त्या पंपाचें पाणी पीत नसत, आणि त्यांतील एकहि मेला नाहीं. स्नो यांच्या सांगण्यावरून 8 सप्टेंबर रोजीं पंपाचा दांडा काढण्यांत आला. सांथ तोंपर्यंत ओसरूं लागली होती, हें स्नो यांनींहि प्रांजळपणें मान्य केलें.

येथवरची कथा पुष्कळांस ठाऊक असते. विहीर बाळगणारानें लक्षांत ठेवावयाचा भाग मात्र यापुढें आहे. विहिरीचें पाणी स्नो यांनीं स्वतः पाहिलें, तेव्हां त्यांत इतकी थोडी घाण आढळली, कीं त्यांचाहि निश्चय क्षणभर डळमळला. पुढें विहीर आंतून तपासण्यांत आली. वीटकामांत भोंक किंवा भेग कोठेंच सांपडली नाहीं. विहीर जणूं निर्दोष ठरली.

त्याच वस्तींतील तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड हे स्नो यांचें मत खोडून काढण्यासाठींच शोध करीत होते. मृत्यूंच्या नोंदी चाळतांना त्यांना 40 क्रमांकाच्या घरांतील एका तान्ह्या मुलीची नोंद आढळली. मुलगी उद्रेकाच्या आधींच आजारी पडली होती, आणि तिच्या आईनें दुपट्यांचें धुणें घरापुढील मैल्याच्या खड्ड्यांत ओतलें होतें. तो खड्डा विहिरीला अगदीं लागून होता. 1855 च्या एप्रिलमध्यें जमीन खणून पाहतां खड्ड्याच्या विटा हातानें निघाव्यात इतक्या सैल झालेल्या दिसल्या. खड्डा आणि विहीर यांमध्यें अंतर होतें अवघें 2 फूट 8 इंच, आणि मधली माती मैल्यानें ओलीचिंब झालेली! व्हाइटहेड यांनीं आपलें पहिलें मत सोडून दिलें.

विहिरीचा दोष विहिरींत नव्हता. तो शेजारच्या जमिनींत होता. म्हणून विहीर राखणें म्हणजे केवळ गाळ उपसणें नव्हे, तर तिच्या भोंवतालची जमीन राखणें होय. शौचालयाचा खड्डा निदान 15 मीटर दूर असावा, कठडा उंच असावा, भोंवतीं बाहेर उतरता पक्का ओटा असावा, सांडपाण्यास वाट असावी आणि तोंडावर झांकण असावें.

तरीहि डोळ्यांस न दिसणारें उरतेंच. 1884 सालीं रॉबर्ट कॉख यांनीं कलकत्त्यास पटकीचे जंतु एका तळ्याच्या पाण्यांतहि शोधून दाखविले, आणि स्नो यांना जी सोय नव्हती ती जगाला लाभली. पिण्याच्या पाण्याच्या 100 मिलिलिटर नमुन्यांत ई-कोलाय जंतु मुळींच आढळूं नयेत, असें भारतीय मानक आज सांगतें. विदर्भांतील यवतमाळसारख्या भागांत विहिरींच्या पाण्यांत फ्लोराइड सांपडतें. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तें उकळूनहि जात नाहीं. अशा पाण्याची रासायनिक तपासणीच करावी लागते. पावसाळ्यापूर्वीं व नंतर नमुना प्रयोगशाळेंत पाठवावा, विहीर उपसावी, आणि जाणत्याच्या सल्ल्यानें योग्य प्रमाणांत टी. सी. एल. पूड घालावी.

सार्वजनिक विहिरीची चौकशी निदान एक डॉक्टर आणि एक धर्मोपदेशक करूं शकले. खासगी विहिरीला मात्र तिच्या मालकावांचून दुसरा पहारेकरी नसतो. आणि तिचें पाणी सर्वांत आधीं त्याच्याच मुलांच्या ओठांस लागतें.