कुत्र्याचे आजारपण आणि खर्चाची तरतूद

जळगाव-धुळ्यात पाळीव कुत्रा आजारी पडल्यास प्रथम जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाकडे जावे. तेथे अल्प शुल्कात तपासणी होते. मात्र या शासकीय यंत्रणेवर मुख्य भार गाई-म्हशींचा. त्यामुळे गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी अनेकदा नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते आणि औषधांच्या जोडीला गाडीभाड्याचा बोजा पडतो. रेल्वेने न्यायचे तर प्रथम वर्गाचे संपूर्ण कूपे आरक्षित करावे लागते, अन्यथा गार्डाच्या डब्यातील पेटी. आजारी जनावरासाठी, तीही खान्देशच्या उन्हाळ्यात, ही दुसरी सोय शिक्षाच ठरते.

सर्वाधिक हळहळ लावतो तो पार्व्होचा खर्च. पिल्लाला उलट्या व रक्ताचे जुलाब सुरू झाले की कित्येक दिवस सलाइन व इंजेक्शने द्यावी लागतात, तरी जीव वाचेलच याची खात्री नसते. वेळेवर दिलेल्या लशींचा खर्च त्यापुढे किरकोळ असतो.

पशुचिकित्सालयाच्या उपचारसेवेवर जीएसटी नाही. कुटुंबाच्या आरोग्य विम्यात कुत्र्याचा समावेश होत नाही. त्याची पॉलिसी स्वतंत्र घ्यावी लागते. तिला वयाची अट असते आणि आधीपासून जडलेल्या आजाराचा खर्च सहसा मिळत नाही. म्हणून ती कुत्रा धडधाकट असतानाच घ्यावी लागते.