ओल कुठून येते?

न्हाणीघरातली छुपी गळती शोधणे हे प्लंबरचे काम. त्यात इतिहास कुठून आला, असे कुणीही विचारील. पण श्रोतेहो, गळती लपते ती नळ लपलेला असतो म्हणून. आणि माणसाने नळ केव्हा लपवला, लपवताना कोणती काळजी घेतली आणि पुढे ती काळजी कशी सोडून दिली, हा इतिहासच आहे.

आपल्या जुन्या घरांत न्हाणी परसदारी असे. पाणी विहिरीवरून डोक्यावर यायचे, बंबात तापायचे, दगडावर सांडायचे आणि मोरीतून केळीच्या नाहीतर अळूच्या बुडाशी जायचे. सारे डोळ्यांसमोर. घागर पाझरली तर खालची ओली जमीनच ते सांगून टाकी. या एका कोपऱ्यात किती मुलखांचे शब्द नांदत होते, तेही पाहा. न्हाणी संस्कृतातल्या स्नानापासून आली, हौद अरबी हौजपासून, बंब पोर्तुगीजांकडून. आमच्या घरात गुसलखाना म्हणत, त्यातला गुसल अरबी आणि खाना फारसी. उलट आपली न्हाणी इंग्रजी अमदानीतल्या इंजिनिअरांच्या भाषेत गेली आणि आजही हार्डवेअरच्या दुकानात 'नहाणी ट्रॅप' म्हणूनच मिळते.

जमिनीखालून नळ नेण्याची विद्या मात्र आपल्याकडे जुनी आहे. मलिक अंबर हा हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी हे शहर वसवले. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. कोरड्या पठारावर शहर वसवायचे तर आधी पाणी हवे. डोंगरपायथ्याचे झरे भूमिगत मार्गाने शहरात आणणारी नहर त्याने बांधवली, ती नहर-ए-अंबरी. पुढच्या काळात याच धर्तीवर तिथे आणखी नहरी झाल्या. खापराचे नळ, भोवती चुन्याचे बांधकाम आणि वाटेत ठिकठिकाणी उभे मनोरे. हे मनोरे शोभेचे नव्हते. पाणी त्यांत चढे, कोंडलेली हवा बाहेर पडे, दाब कमी होई आणि खापरी नळ फुटण्यापासून वाचत. विजापुरात अशाच मनोऱ्यांना गंज म्हणतात.

या मनोऱ्यांचा आणखी एक उपयोग सहज लक्षात येतो. एका मनोऱ्यात पाणी नेहमीच्या उंचीवर आहे आणि पुढच्यात उतरले आहे, तर गडबड त्या दोघांच्या मधे. सारी वाट खणायची गरज नाही. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातली पाणचक्की अशाच नहरीच्या पाण्यावर फिरते. १७४४ च्या सुमाराचे हे बांधकाम. तिथल्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छत. डोक्यावर हौदभर पाणी आणि खाली माणसे बसलेली. आपल्या वरच्या मजल्याची न्हाणी आठवा, म्हणजे त्या गवंड्यांची करामत कळेल.

पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजहून पाणी आणले. तो नळ दगडी, माणूस आत उतरू शकेल एवढा. वाटेवर बांधलेल्या उभ्या विहिरींना 'उच्छ्वास' म्हणत. नळालाही श्वास लागतो हे ज्यांना उमगले, त्या कारागिरांना कवीने सलामच करायला हवा.

हिशेबाने गळती शोधणाराही इतिहासात आहे. रोममध्ये इसवी सन ९७ मध्ये फ्राँटिनस नावाचा अधिकारी पाणीखात्याचा प्रमुख झाला. त्याने दफ्तरातल्या आकड्यांवर विसंबून न राहता उगमाशी पाणी मोजले, वाटपाशी ताडून पाहिले. येते जास्त, पोचते कमी. मग काही पाणी झिरपताना सापडले, तर काही फरसबंदीखाली चोरून बसवलेल्या नळ्यांतून जाताना.

आर्णीत आमच्या घरी हीच युक्ती एका म्हाताऱ्या मिस्त्रीने वापरली. त्याने फ्राँटिनसचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. ऐन मे महिन्यात न्हाणीमागची भिंत ओली झाली होती. भिंत शेजाऱ्यांची आणि आमची सामाईक. तुमचे पाणी की आमचे, यावरून दोन घरांतले बोलणे तुटायची वेळ आली होती. पाऊस नव्हता, म्हणजे छत सुटले. मिस्त्रीने रात्री सारे नळ बंद केले आणि टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर खूण केली. सकाळी पाणी खुणेवरच. म्हणजे येणारा नळ शाबूत, दोष जाणाऱ्या वाटेत. मग त्याने नहाणी ट्रॅपच्या तोंडाशी बोळा घट्ट बसवून फरशीवर पाणी साठवले. दिवसभर ते पाणी उतरले नाही, म्हणजे फरशीचे सांधेही सुटले. शेवटी बोळा काढून त्याने नीळ कालवलेल्या पाण्याच्या बादल्या ओतल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीच्या पायाशी निळसर डाग उमटला. दोष ट्रॅप आणि पाइपच्या सांध्यात होता. दोन फरशा उचलल्या आणि काम झाले. ओल दिसली ती जागा आणि पाणी सुटले ती जागा यांत चार हातांचे अंतर होते. पाणी उताराने चालते आणि जिथे वाट मिळेल तिथे वर येते.

भांडणाचेही तसेच असते. दिसते एकीकडे, मुरलेले असते दुसरीकडे. निळा डाग पाहून शेजारचे काका हसले आणि दोन्ही घरांतले बोलणे पुन्हा सुरू झाले.

आपण अरुणावतीकाठची माणसे. उन्हाळ्यात घागरीचे मोल आपल्याला कुणी सांगायला नको. सेकंदाला एक थेंब गळला आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी दिवसाला चार लिटरांहून जास्त आणि महिन्याला सुमारे १३० लिटर पाणी जाते. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये, अशी शिकवण आमच्याकडे देतात. आणि भरली घागर लवंडणे आपल्या साऱ्याच घरांत अशुभ मानतात.

आज आपण पाइप भिंतीत गाडतो, वर गुळगुळीत टाइल्स बसवतो आणि आत डोकावायची जागाच ठेवत नाही. मनोरे आणि उच्छ्वास बांधणाऱ्यांनीही नळ लपवले होते, पण त्यांच्यापर्यंत पोचायची वाट उघडी ठेवली होती. नवे घर बांधणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. बंद करायची तोटी हाताशी ठेवा, सांध्यापाशी उघडता येईल अशी एक फरशी ठेवा आणि पाइप कुठून गेले त्याचा नकाशा वहीत काढून ठेवा. ती वही तुमच्या नातवंडांच्या उपयोगी पडेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)