तेल कमरेला, जपणूक पोटाला

सोबत बसून ऐकणाऱ्या सासूबाई, आजीबाई, आजचा विषय खरं तर तुमच्याच हातांचा आहे.

आज बोलायचं आहे गरोदर बाईच्या मालिशीबद्दल. सातवा-आठवा महिना लागला की कंबर भरून येते, पाय जड होतात, रात्री कूस बदलवत नाही. मग एकजण म्हणते, "कमरेला जरा तेल लावून घे, बरं वाटेल." दुसरी म्हणते, "पोट चोळून घे, बाळ सरळ होईल." ऐकायला दोन्ही सल्ले मायेचेच. पण एका सल्ल्याने आराम मिळतो आणि दुसऱ्याने जिवावर बेतू शकतं. गटाच्या बैठकीत आम्ही नुसतं "हे करा, ते करू नका" सांगितलं की बाया मान डोलावतात आणि घरी जाऊन चालत आलेलंच करतात. म्हणून आता आम्ही त्यामागची गोष्ट सांगतो. पोट चोळणं कुठून आलं, तेव्हा ते का करत होते आणि आज का नको, हे कळलं की पटतं.

सुरुवात चरकसंहितेपासून करू. आयुर्वेदाचा हा फार जुना ग्रंथ. त्यातल्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गरोदरपण आणि बाळंतपण यांची माहिती आहे. गरोदर बाईला कसं जपावं? तिथे उदाहरण दिलं आहे काठोकाठ भरलेल्या तेलाच्या भांड्याचं. ते भांडं हिंदकळू न देता जसं सांभाळावं, तसं तिला सांभाळावं. डोक्यावरून भरला हंडा आणणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे कळा सुरू झाल्यावर काय करावं तेही त्यात आहे. कोमट तेल लावून कंबर, कुशी, पाठ आणि मांड्या हलक्या हाताने, तिला बरं वाटेल अशा बेताने चोळाव्यात. ही यादी नीट ऐका. कंबर, कुशी, पाठ, मांड्या. यात पोट नाही. पोटाला तूप-तेल लावून मोठ्या स्वच्छ कापडाने बांधायचं सांगितलं आहे, पण ते बाळंत झाल्यानंतर.

त्याच अध्यायात एक वादही आहे. कळा येऊनही सुटका होत नसेल तर बाईच्या हातात मुसळ देऊन तिला धान्य कांडायला लावावं, असं काहींचं मत होतं. आत्रेय मुनी त्याला साफ नाही म्हणतात. गरोदर बाईला जोराची मेहनत नको, आणि बाळंतपणाच्या वेळी तर मुळीच नको, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे "जोर लावला की लवकर मोकळी होईल" ही समजूत तेव्हाही होती आणि तिला अडवणारी शहाणी माणसंही तेव्हा होती.

अर्थात ग्रंथात आहे म्हणून सगळंच आज करायचं असं नाही. वार पडायला उशीर झाला तर बेंबीच्या वर जोरात दाबून बाईला हलवावं, असंही तिथे सांगितलं आहे. ते आता कुणी करू नये. जुन्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे पारखूनच ठरवावं लागतं.

अशी पारख करू पाहणारी आपल्याच मातीतली एक बाई म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी. जन्म १८६५, कल्याणचा. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. पुढे त्या अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. तिथे प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो जुन्या काळच्या हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. नवी विद्या शिकायला गेलेल्या बाईने आपल्याकडची जुनी विद्याही सोबत नेली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पण मैत्रिणींनो, ग्रंथ वाचणारे थोडे. गावातलं बाळंतपण व्हायचं ते सुईणीच्या हातावर. ती आई, आत्या किंवा सासूबरोबर जाऊन, बघून बघून शिकायची. पोट चाचपून बाळाचं डोकं कुठे, पाठ कुठे हे तिच्या बोटांना कळायचं. तिला मिळायचं काय, तर पायली-दोन पायली धान्य, खण-नारळ, कधी लुगडं. पुष्कळ गावांत हे काम दलित आणि कष्टकरी घरांतल्या बायकांकडे असे. अडल्या वेळी तिला थेट बाळंतिणीच्या खोलीत न्यायचं आणि एरवी ओट्यावरही बसू द्यायचं नाही, असाही तो काळ होता.

आता पोट चोळण्याकडे येऊ. बाळ पोटात आडवं असलं तर ते आपोआप बाहेर येऊच शकत नाही. पायांकडून आलं तर डोकं अडकायची भीती. अशा जन्मलेल्या बाळाला आपण पायाळू म्हणतो. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची, ही समजूत तुम्हाला ठाऊकच आहे. पण एक पायाळू जगला, तर दगावलेली बाळं आणि आया किती असतील, ते कुणी मोजलं नाही. तेव्हा सिझर नव्हतं, रक्त चढवायची सोय नव्हती. मग सुईण तेलाच्या हाताने बाहेरून बाळ फिरवायचा प्रयत्न करायची. ती दुसरं काय करणार होती? हात हेच तिचं एकमेव हत्यार होतं. म्हणून तिला अडाणी म्हणून आम्ही मोकळं होत नाही.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. मेक्सिको देशात युकातान नावाच्या भागात माया लोकांच्या सुईणीही गरोदर बाईच्या पोटाला अशीच मालिश करत आल्या आहेत. युरोपातल्या डॉक्टरांनीही हाच मार्ग धरला. जर्मनीच्या विगांड नावाच्या डॉक्टरांनी १८०७ मध्ये बाहेरून बाळ फिरवायच्या पद्धतीवर लिहिलं. तिथलेच दुसरे डॉक्टर लिओपोल्ड. पोट चाचपायच्या चार पद्धती त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. उपकेंद्रात सिस्टर तुमच्या पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं शोधते, ती हीच तपासणी. सुईणीची बोटं जे ओळखायची तेच इथे पुस्तकात आलं.

मग पोट चोळल्यावर बाळं सरळ व्हायची, हे खोटं का? काही वेळा खरं असेलही. पण यात एक गंमत आहे. सातव्या महिन्यात साधारण चार-पाच बाळांमागे एक बाळ ढुंगणाकडून किंवा पायांकडून असतं. दिवस भरेपर्यंत त्यांतली बहुतेक आपली आपणच डोकं खाली करतात. शेवटी १०० मागे ३-४ उरतात. म्हणजे सातव्या महिन्यात पोट चोळलं आणि नवव्यात बाळ सरळ दिसलं, तर नाव हाताचं होतं आणि काम बाळाने स्वतःच केलेलं असतं.

धोका मात्र खरा असतो. वार गर्भपिशवीला आतून चिकटलेली असते. जोराने दाबलं, ढकललं तर ती वेळेआधी सुटू शकते. मग आतल्या आत रक्तस्राव होतो, आणि तो कधी कधी बाहेर दिसतही नाही. आधीचं सिझर असेल तर जुन्या टाक्याच्या जागी पिशवी फाटू शकते. नाळेवर दाब आला तर बाळाचे ठोके कमी होतात. बाईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर आणखी एक भीती. बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं तर पुढच्या बाळंतपणाला त्रास होऊ शकतो.

आज डॉक्टरही बाहेरून बाळ फिरवतात. पण कधी, कसं? साधारण ३६-३७ आठवडे झाल्यावर, सोनोग्राफी करून, बाळाचे ठोके बघत, लागलंच तर लगेच सिझर करता येईल अशा दवाखान्यात. एवढं करूनही साधारण निम्म्या वेळीच बाळ फिरतं. फिरलं नाही तर जोर करत नाहीत, थांबतात. तेल लावून घराच्या माजघरात हे होण्यासारखं नाही.

आता थोडं सरकारी इतिहासाकडे वळू. इंग्रजांच्या काळात १८८५ मध्ये लेडी डफरिन फंड निघाला, बायकांना बायकांकडूनच उपचार मिळावेत म्हणून. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी सुईणींना शिकवण्यासाठी वेगळा फंड काढला. त्या काळच्या कागदपत्रांत सुईणीला नावं ठेवलेली पुष्कळ दिसतात. तिला काय येतं, हे विचारणारे थोडे. स्वातंत्र्यानंतर १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत गावोगावच्या दायांना प्रशिक्षण मिळालं. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ धागा, स्वच्छ नाळ हे त्यांनी शिकून घेतलं.

मग २००५ साल आलं. जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात १०० पैकी साधारण ६५ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती ९५ च्या घरात गेली. ही फार मोठी कमाई आहे.

पण यात एक गोष्ट मागे राहिली. बाळंतपण दवाखान्यात गेलं आणि चोळणं घरातच राहिलं. सिस्टर रागवेल म्हणून बाई सांगत नाही. सिस्टरही "पोट चोळून घेतलं का?" असं विचारत नाही. सुईण आजीला तर कुणीच काही विचारत नाही. तिघींच्या मध्ये अबोला आहे, आणि खरा धोका त्या अबोल्यात आहे. पोट चोळल्यावर अंगावर जाऊ लागलं आणि बाईने ते दवाखान्यात लपवलं, तर डॉक्टरांना दुखणं ओळखायला उशीर होतो.

म्हणून गटात आम्ही म्हणतो, मालिश बंद करू नका, उघड करा. ती कशी करायची, ते आता ऐका.

आधी सिस्टर किंवा डॉक्टरांना विचारा. रक्तदाब वाढलेला असेल, वार खाली असेल, जुळं असेल, अंगावर जात असेल, ताप असेल तर त्यांनी हो म्हटल्याशिवाय मालिश नको. पोटावर तेलाचा हात नुसता फिरवला, खाज शमावी म्हणून, तर चालेल. दाबणं, ढकलणं, रगडणं अजिबात नको. कंबर, पाठ, खांदे, मान, हात, पाय हलक्या हाताने चोळा. पाचव्या महिन्यानंतर उताणं झोपवू नका. भरल्या पोटाच्या वजनाने पाठीच्या कण्यालगतची मोठी शीर दाबली जाते आणि चक्कर येते. डाव्या कुशीवर झोपवा, दोन्ही गुडघ्यांत उशी द्या. नाहीतर उलट्या खुर्चीवर बसवून, पाठीवर टेकवायचा भाग पुढे घेऊन, त्यावर हात टेकवायला सांगा.

पोटऱ्या रगडू नका. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं. शिरेत गुठळी झाली असेल तर रगडल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एकच पाय सुजला, लाल झाला, गरम लागला, दुखला तर तेल बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. तेल घरातलं साधं घ्या, खोबरेल, तिळाचं किंवा करडईचं. कापूर आणि झोंबणारे बाम टाळा. नखं कापा, हात धुवा. आणि मालिश झाल्यावर तिचे तळपाय पुसा. तेलकट पायाने न्हाणीत घसरलेली बाई आपल्याला नको आहे.

अंगावर रक्त किंवा पाणी गेलं, पोट दगडासारखं कडक होऊन राहिलं, डोकं सारखं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, बाळाची हालचाल कमी झाली, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा. गरोदर बाईला दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी १०२ आहे.

दवाखान्याबद्दलही एक सांगतो, कारण जोर लावायची खोड फक्त घरात नव्हती. बाळ बाहेर यायच्या वेळी वरून पोट दाबायची पद्धत डॉक्टरांमध्येही होती. क्रिस्टेलर नावाच्या जर्मन डॉक्टरांच्या नावाने १८६७ पासून ती ओळखली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की असं दाबू नये. त्याच वेळी हेही सांगितलं की कळा सोसताना बाईला हवी असेल तर मालिश द्यावी, गरम शेक द्यावा. चरकाची यादी आठवते ना? कंबर, कुशी, पाठ, मांड्या. इतक्या शतकांनंतर गोष्ट तिथेच येऊन मिळाली.

तेव्हा पुढच्या बैठकीला दोन कामं करू. गावातल्या सुईण आजीला मानाने बोलवू, खुर्ची देऊ, आणि कमरेला हलकं तेल कसं लावायचं ते सगळ्यांना दाखवायला सांगू. त्याच दिवशी सिस्टर आणि आशाताईंनाही बोलवू. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी असते. तिथे जाताना प्रत्येकीने एक प्रश्न नक्की विचारायचा, "मला मालिश चालेल का, आणि कुठे नको?" बाळ आडवं किंवा पायाळू आहे असं कळलं, तर घरी कुणाला हात लावू न देता पुढच्या तपासणीची तारीख आणि बाळंतपणाचा दवाखाना तिथेच ठरवून यायचं.

ज्या घरात गरोदर बाई आहे, त्या घरच्या सासूबाईंनी हे आधी ऐकलं तर बरं. तेलाची वाटी त्यांच्याच हातात असते.