पुराची मिरवणूक

सोमवार, 5 ऑगस्ट 2019. तुम्ही दसरा चौकात छत्री धरून उभे आहात आणि छत्रीचा काडीचा उपयोग नाही. आज नागपंचमी. टपरीवरच्या टीव्हीत काश्मीर आणि कलम 370, सगळ्या वाहिन्यांवर तेच. टपरीवाल्याचा डोळा मात्र मोबाईलवर. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच विचारतं, "बंधाऱ्यावर किती झालं?" बंधारा म्हणजे पंचगंगेवरचा, कसबा बावड्याचा राजाराम बंधारा आणि किती म्हणजे फूट. 39 ला इशारा, 43 ला धोका. कोल्हापुरात हे पोराटोरांना पाठ असतं. 43 कधीच मागे पडलंय.

शेजारच्या सुतारवाड्यातली माणसं वळकट्या, गॅसच्या टाक्या, शाळेची दप्तरं घेऊन चित्रदुर्ग मठाकडे निघालीत. रडारड नाही. एक आजी दाराला कुलूप लावता लावता तुम्हाला चौकटीवरची निळ्या रंगाची रेघ दाखवते. "पाच सालचं पाणी हितवर आलतं. त्याच्या वर काय येत न्हाई." दोन-तीन दिवसांत ती रेघ पाण्याखाली जाणार आहे, बंधाऱ्यावर 55 फूट 7 इंच लागणार आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आजीला सांगणार कसं? तुम्ही मुकाट्यानं तिची टाकी उचलता.

जयंती नाल्याच्या पुलाकडे या. एरवी हा नाला गावाचं सांडपाणी नदीला नेऊन सोडतो. पंचगंगा फुगली की त्याचं पाणी तुंबतं आणि मग नदीच नाल्यातून गावात शिरते. व्हीनस कॉर्नर, मग शाहूपुरीची कुंभार गल्ली. चतुर्थी 2 सप्टेंबरला. गल्लीत अर्ध्यामुर्ध्या मूर्ती, कुणाला हात नाहीत, कुणाला रंग नाही. घरातली सगळी माणसं साखळी करून त्या माळ्यावर चढवताहेत. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा असलेला मुलगा खालून मूर्ती देतो, वरून बाप ओरडतो, "सोंड सांभाळ!" त्यांच्या घरातला गहू खालीच राहिलाय.

विसर्जन मिरवणुकीसारखाच पुराचाही मार्ग ठरलेला असतो. सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर, कुंभार गल्ली, तिकडे बापट कॅम्प, रमणमळा. क्रमही सहसा तोच. फरक इतकाच की त्या मार्गावर आधी कुणी खड्डे बुजवत नाही आणि स्वागताला मांडव घालत नाही.

पुढचे दिवस भराभर जाऊ द्या. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, पेट्रोल मिळेना. शिंगणापूर आणि बालिंग्याची उपसा केंद्रं बुडाल्यामुळे शहरभर पाणीच पाणी आणि नळ मात्र कोरडे. माणसं घागरी घेऊन टँकरमागे धावताहेत. सरकारी आदेश निघतो की घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असेल तर फुकट धान्य. दीड दिवस पाण्यात असलेल्यानं काय करावं, याचा खुलासा त्यात नाही. तिकडे इचलकरंजीत धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांचा आणि आमदारांचा फोटो चिकटलेला सापडतो. तांदूळ भिजला तरी चालेल, फोटो भिजता कामा नये!

आता तीन वर्षं पुढे, 9 सप्टेंबर 2022. अनंत चतुर्दशी, महाद्वार रोड. कोरोनानंतरची पहिली मोकळी मिरवणूक, सगळी कसर भरून काढायचीच असं ठरवून निघालेली. डॉल्बीच्या भिंतीसमोर उभं राहा, छातीचा पिंजरा थरथरेल. लेसरचे हिरवे पट्टे जुन्या वाड्यांच्या खिडक्यांतून आत शिरताहेत. दुतर्फा मांडव, मंडळाच्या अध्यक्षांना श्रीफळ, पानसुपारी. बंदोबस्त, बॅरिकेड, दिवे, रुग्णवाहिका, सगळं जागच्या जागी. मनात आलं तर हे शहर किती चोख व्यवस्था करू शकतं, हे बघायचं असेल तर या रात्रीसारखी रात्र नाही.

तुमच्या तोंडून निघणारच, "ही उधळपट्टी बंद करा, हाच पैसा पुराला लावा." थांबा. समोर डॉल्बीपुढे नाचणारा तो पोरगा 2019 साली काहिलीत भात शिजवत होता. तालमींची, मंडळांची पोरंच तेव्हा पाण्यात उतरली होती. कैक मंडळांनी वर्गणीचे पैसे पूरग्रस्तांना दिले. डॉल्बीची बाजू मी घेत नाही, म्हाताऱ्यांच्या आणि तान्ह्यांच्या घरासमोर ती वाजवणं हा आडदांडपणाच आहे. पण मंडळाची वर्गणी आणि महापालिकेची तिजोरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय या गावाचा राजा तमाशाचाच शत्रू होता असंही नाही. शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेत कुस्तीचं मैदान उभं केलं आणि त्याच काळात राधानगरीला धरणही बांधायला घेतलं. धरण पैशापायी 1918 ला अडलं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आजही कोल्हापूर कान टवकारतं. कुस्ती बंद करून धरण बांधावं, असं त्यांना वाटलं नाही.

पटत नसेल तर वर्षभर मागे या. जुलै 2021 चा चौथा आठवडा. आदल्या वर्षी गणपतीची मिरवणूक नाही, दहीहंडी नाही, दसऱ्याचा थाट नाही. उधळपट्टी थांबली की शहर सावरतं, हे खरं असतं तर यंदा कोल्हापूर कोरडं राहायला हवं होतं. पंचगंगा 56 फूट 3 इंचांवर आहे, 2019 पेक्षाही वर. उपसा केंद्रं पुन्हा पाण्याखाली, नळ पुन्हा कोरडे. नगरसेवकाला धरावं तर सभागृहाची मुदत नोव्हेंबरातच संपलेली, कारभार प्रशासकाकडे.

टँकरच्या रांगेत तुमच्या पुढे शाहूपुरीतली एक काकी आहे. दोन घागरी, एक प्लास्टिकचा कॅन, नाकाखाली घसरलेला मास्क.

"गणपती साधा, हंडी बंद, लगीन सुदिक पन्नास माणसात," ती बोटं मोडत मोजते. "मग दोन सालात ती उपशाची मोटार का वर चढली न्हाई ओ?"

टँकरबरोबर आलेला पालिकेचा माणूस पाइप हलवून दुसऱ्या घागरीत धरतो. "काकी, मी फक्त पाण्यावर हाय. मोटारीचं हपिसात विचारा."

"हपीस कुठं हाय?"

"त्या बाजूचा रस्ता बंद हाय आता."