खानदेशातला 'सेल्फ'

1912 साली चार्ल्स केटरिंग यांनी घडवलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत बसला. त्याआधी बहुधा हँडल मारूनच इंजिन जागं करावं लागे. खानदेशात त्याच स्टार्टरला सगळे 'सेल्फ' म्हणतात.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. तिथे गॅरेजचा धंदा रुजणं ओघानं आलंच. 1986 मध्ये टाटा 407 आली, पुढे पिकअप आल्या आणि रावेर-यावलच्या केळीला शेताच्या बांधापर्यंत डिझेल गाडी मिळाली. डिझेल इंजिनात हवा फार दाबावी लागते, म्हणून सेल्फला ताकदही जास्त लागते. त्यात जळगावचा 45 अंशांचा उन्हाळा बॅटरीचं पाणी आटवतो.

चावी फिरवली की नुसतं 'टक्'! जाणता मिस्त्री लगेच सेल्फ खोलत नाही. हेडलाइट लावून पुन्हा चावी फिरवायला सांगतो. दिवा विझू लागला, तर संशय बॅटरीवर, टर्मिनलवर साचलेल्या हिरवट-पांढऱ्या क्षारावर. लख्ख राहिला, तर सेल्फच्या सोलेनॉइडवर, म्हणजे चुंबकी स्विचवर, नाहीतर झिजलेल्या कार्बन ब्रशवर. ही परीक्षा फुकट आहे, आणि अजूनही भरवशाची.

केळीचा हंगाम धरण्याआधी टर्मिनल साफ करा, अर्थची तार आवळा, डिस्टिल्ड वॉटर पाहा. आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका.